जुनं मशीन बोलतं करायचं तर

एखादी ३० वर्षं जुनी पॉवर प्रेस असते, म्हणजे पत्र्याला दणका मारून आकार देणारं मशीन, रोज तीन शिफ्ट चालते, दणके मारते, माल पडत राहतो, आणि तिच्याबद्दलची सगळी माहिती म्हणजे काय तर शिफ्ट संपताना ऑपरेटरने वहीत लिहिलेला एक आकडा. तो आकडा बहुतेक वेळा गोल असतो, ४००० किंवा ४५००, आणि मधे मशीन कधी थांबलं, किती वेळ थांबलं, कशामुळे थांबलं हे कुठेच सापडत नाही. ऑपरेटर खोटं लिहितो असं अजिबात नाही, आठ तास मशीनवर उभं राहून शेवटच्या दहा मिनिटांत आठवून लिहायचं म्हटलं की कुणाचंही असंच होणार. मग ठरतं की मॉनिटरिंग सिस्टिम बसवू, स्क्रीनवर सगळं लाइव्ह दिसेल, आणि लगेच प्रश्न येतो की एवढं जुनं मशीन त्याला जोडता येतं का, की नवीनच घ्यावं लागेल.

जोडता येतं. जवळपास कुठलंही मशीन घ्या, ते वीज खातं, त्यात काहीतरी हलतं आणि त्यातून काहीतरी बाहेर पडतं, या तिन्हीपैकी एका ठिकाणाहून तरी सिग्नल मिळतोच. पण वायर जोडणं हा यातला सोपा भाग आहे. त्या वायरीतून जे येतंय त्याचा अर्थ नक्की काय, हे ठरवणं अवघड आहे, आणि मला वाटतं बहुतेक ठिकाणी घोळ तिथेच होतो, कारण सेन्सर निवडण्यात दोन महिने जातात आणि "मशीन चालू आहे" म्हणजे नेमकं काय यावर दहा मिनिटंसुद्धा कुणी बसून बोलत नाही.

म्हणून आधी प्रश्न ठरवा, मग सेन्सर. सुरुवातीला तीनच प्रश्न पुरतात: मशीन चालू आहे की थांबलंय, किती नग झाले, आणि थांबलं असेल तर का. तापमान, व्हायब्रेशन, प्रेशर हे सगळं नंतर बघता येतं, पहिल्या दिवसापासून शंभर गोष्टी मोजायला घेतल्या की त्यातली एकही धड मोजली जात नाही.

आता त्या प्रेसकडेच बघू, म्हणजे अर्थाचा घोळ म्हणजे काय ते समजेल. पॅनल उघडलं तर आत कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच), रिले (तसाच छोटा स्विच), ओव्हरलोड (मोटरवर जास्त भार आला की ती बंद करणारा), एक कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, आणि वर्षानुवर्षांची धूळ. पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर, तो नाही, कम्प्युटरचा तर प्रश्नच नाही. मनात पहिला विचार येतो की मेन मोटर चालू असली की मशीन चालू, सोपं आहे, मोटरच्या कॉन्टॅक्टरवर एक मोकळा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (त्याच्याबरोबरच लागणारा-सुटणारा जादाचा छोटा स्विच) असतोच, तिथून सिग्नल घेऊन टाकू. पण मेकॅनिकल प्रेसमध्ये मोटर फिरवते फ्लायव्हीलला, म्हणजे एका मोठ्या जड चाकाला, आणि ते दिवसभर फिरतच असतं, प्रत्यक्ष स्ट्रोक, म्हणजे दणका, होतो तो क्लच लागल्यावर. म्हणजे डाय (नगाला आकार देणारा साचा) बसवायला दोन तास लागले तरी या सिग्नलच्या हिशोबाने मशीन दोन तास "चालू"च होतं, आणि असा रिपोर्ट रोज वर जात राहिला तर महिनाअखेरीला सगळे विचारतात की मशीन ९५ टक्के चालू आहे तर माल कुठे गेला.

बरं मग मोटरचा करंट मोजू, लोड आल्यावर वाढेलच. त्यासाठी स्प्लिट कोअर सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) मिळतो, कोअरचे दोन अर्धे उघडून वायरभोवती लावायचे, वायर कापावी लागत नाही, म्हणून जुन्या मशीनला हा उपाय सगळ्यात आधी सुचवला जातो आणि बऱ्याच मशीनवर तो उत्तम चालतो सुद्धा. पण फ्लायव्हीलचं कामच मुळी झटका गिळायचं आहे, त्यामुळे स्ट्रोकचा परिणाम मोटरपर्यंत पोचताना मवाळ होऊन जातो. शिवाय इंडक्शन मोटरची एक गंमत अशी की ती रिकामी फिरत असली तरी फुल लोडच्या पाव ते अर्धा करंट ओढते, मॅग्नेटायझिंगसाठी तेवढा लागतोच, म्हणजे हलकं काम आणि रिकामं फिरणं यांच्यात अँपिअरमध्ये फारसा फरकच दिसत नाही. तिथे करंटऐवजी पॉवर, म्हणजे किलोवॅट मोजले तर फरक कितीतरी स्पष्ट दिसतो, कारण रिकाम्या मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा, एकदम खाली असतो. आणि सीटीबद्दल एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, ज्या सीटीचं आउटपुट १ किंवा ५ अँपिअर असतं त्याची सेकंडरी मशीन चालू असताना कधीही उघडी सोडायची नाही, तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होतं. मिलिव्होल्ट आउटपुटवाले सीटी या बाबतीत बरे, त्यांच्या आतच रेझिस्टर असतो.

मग प्रेससाठी बरोबर जागा कुठली, तर क्रँकशाफ्ट. स्ट्रोक झाला की क्रँकशाफ्टचा एक फेरा होतोच, त्यात वाद नाही. शाफ्टच्या टोकाला एक छोटी लोखंडी पट्टी लावायची आणि समोर एक इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर, ज्याला शॉप फ्लोअरवर सगळे प्रॉक्सीच म्हणतात. तो काही मिलिमीटरवरून धातू ओळखतो, कुठे घासत नाही, तेल-धूळ उडाली तरी त्याला फरक पडत नाही. प्रत्येक फेऱ्याला एक पल्स. लिमिट स्विचही लावता येतो पण त्याचा कॉन्टॅक्ट बंद होताना क्षणभर थरथरतो आणि एका दणक्याचे दोन-तीन नग मोजले जातात, म्हणून तिथे इनपुटला काही मिलिसेकंदांचा फिल्टर द्यावा लागतो.

पण थांबा, स्ट्रोक म्हणजे नग का? डाय सेट करताना मारलेले स्ट्रोक नग नाहीत. प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये, म्हणजे पट्टी पुढे सरकत टप्प्याटप्प्याने नग करणाऱ्या डायमध्ये, नवीन पट्टी घातली की पहिले काही स्ट्रोक पूर्ण नग देतच नाहीत. आणि एका स्ट्रोकला दोन नग पडणारं टूल असेल तर गुणिले दोन. हे सेन्सरला कळणार नाही, हे सिस्टिमला सांगावं लागतं, कुठलं टूल लावलंय आणि त्याचे किती नग पडतात ते. फीड संपल्यावर रिकामे स्ट्रोक पडत असतील तर मटेरियल आहे की नाही याचा दुसरा सेन्सर लागतो. "किती नग झाले" हा इतका साधा प्रश्न, पण त्याचं उत्तर फिटर, ऑपरेटर आणि सुपरवायझर तिघांना एकत्र उभं केल्याशिवाय मिळत नाही.

टॉवर लॅम्पवरून सिग्नल घेणं हा आणखी एक सोपा रस्ता, लाल-पिवळा-हिरवा दिवा जळतोच आहे तर त्याच वायरीवरून समांतर सिग्नल घ्यायचा. इथेही आधी उभं राहून बघा. काही मशीनवर हिरवा म्हणजे सायकल चालू, काहींवर हिरवा म्हणजे नुसतं तयार आहे. आणि दिवा लुकलुकत असेल तर सिस्टिमला तो सेकंदाला एकदा चालू-बंद होताना दिसतो आणि तासाभरात हजारो "स्टॉपेज" नोंदले जातात, म्हणून दोनेक सेकंदांचा ऑफ डिले द्यायचा, म्हणजे तेवढा वेळ दिवा बंद राहिला तरच बंद समजायचं.

वायरिंगबद्दल थोडं, कारण इथे निष्काळजीपणा महागात पडतो. जुन्या पॅनलमध्ये कंट्रोल व्होल्टेज बऱ्याचदा ११० व्होल्ट एसी असतं आणि सिग्नल घेणाऱ्या आपल्या नवीन बॉक्सला हवा असतो २४ व्होल्ट डीसी. मधे एक इंटरपोझिंग रिले टाकायचा, कॉइल ११० ची, आणि त्याचा पोटेन्शिअल फ्री कॉन्टॅक्ट (ज्यावर स्वतःचं व्होल्टेज नसतं असा) आपल्या इनपुटला. दोन्ही सर्किट एकमेकांपासून पूर्ण वेगळी राहतात, आपल्या बाजूला काही जळलं तरी मशीनचं काही बिघडत नाही. हा नियम मी सगळ्यात वर ठेवेन: आपण ऐकायला आलोय, मशीन चालवायला नाही. आपला बॉक्स काढून टाकला तरी मशीन होतं तसंच चाललं पाहिजे. आणि इमर्जन्सी स्टॉप, गार्ड, लाइट कर्टन, टू हँड स्विच यांच्या सर्किटला हात लावायचा नाही, एक साधा रिलेसुद्धा तिथे समांतर जोडायचा नाही, कारण तिथे एखाद्या माणसाचे हात अवलंबून असतात.

आता दुसऱ्या प्रकारचं मशीन घेऊ, ज्यात पीएलसी किंवा एखादा कंट्रोलर आहे आणि मागे एक सिरियल पोर्ट आहे. इथे बाहेरून सेन्सर लावायची गरज कमी, कारण माहिती आत आधीच आहे, फक्त विचारता आलं पाहिजे. सगळ्यात जास्त भेटणारी भाषा म्हणजे मॉडबस, मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली आणली आणि अजून जोरात चालू आहे, कारण ती अगदी साधी आहे. एकजण विचारतो, बाकीचे उत्तर देतात, आपणहून कुणी काही बोलत नाही. प्रत्येकाला १ ते २४७ मधला एक पत्ता असतो, आणि आत रजिस्टर नावाचे कप्पे असतात, एका कप्प्यात ० ते ६५,५३५ मधला एक आकडा. बस.

वायर बहुतेक वेळा आरएस-४८५ ची, दोन तारांची पीळ घातलेली जोडी, १२०० मीटरपर्यंत जाते, एका लाइनवर मूळ हिशोबाने ३२ उपकरणं बसतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा, शिल्डेड केबल वापरायची आणि ती व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलच्या शेजारून न्यायची नाही. तारांना ए आणि बी म्हणतात पण सगळे उत्पादक ए-बी एकाच अर्थाने लिहीत नाहीत, त्यामुळे काहीच उत्तर येत नसेल तर आधी दोन तारा उलटून बघा, बरेचदा तेवढंच असतं. मग बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग), पॅरिटी, स्टॉप बिट, ही सेटिंग्ज दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी हवीत.

आणि इतकं सगळं जुळलं, उत्तर आलं, तरी ते कळेलच असं नाही. समजा भट्टीच्या कंट्रोलरकडे तापमान मागितलं आणि दोन रजिस्टर आले, एकात १६८४० आणि दुसऱ्यात ०. भट्टी तर थंड आहे, तिच्या स्वतःच्या डिस्प्लेवर २५.० दिसतंय. बघणारा माणूस म्हणतो कंट्रोलर बिघडलाय. बिघडलेला नाही. दशांशाचा आकडा एका कप्प्यात मावत नाही म्हणून तो दोन कप्प्यांत तोडून ठेवलेला असतो, आणि १६८४० व ० हे दोन तुकडे बरोबर क्रमाने जोडले की २५.० च मिळतं. उलट क्रमाने जोडले तर इतका बारीक आकडा येतो की स्क्रीनवर शून्यच दिसतं. कुठला तुकडा आधी हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या मर्जीने ठरवलेलं असतं. तसंच मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं रजिस्टर प्रत्यक्ष मागताना बऱ्याचदा ० म्हणून मागावं लागतं, एकाचा फरक पडतो आणि शेजारचाच आकडा वाचला जातो. यावर मला माहीत असलेला भरवशाचा इलाज एकच, मशीनच्या डिस्प्लेवर दिसणारा आकडा आणि आपल्याकडे आलेला आकडा शेजारी ठेवून बघायचा, आणि एकदा नाही, आकडा बदलताना बघायचा.

मॉडबससारख्या विचारून उत्तर मिळवण्याच्या पद्धतीत आणखी एक खड्डा आहे. वरच्याच प्रेसचं घ्या, मिनिटाला ६० स्ट्रोक, आणि फेऱ्याच्या बाराव्या भागात पट्टी सेन्सरसमोर असते, म्हणजे सिग्नल जेमतेम ८३ मिलिसेकंद चालू राहतो. तुम्ही सेकंदातून एकदा विचारताय "सेन्सर चालू आहे का?", तर बहुतेक वेळा उत्तर नाहीच येणार आणि नग हवेत जाणार. म्हणून पल्स मोजायचं काम पल्स येते तिथेच झालं पाहिजे, काउंटर इनपुट असलेल्या मॉड्यूलमध्ये किंवा पीएलसीत, आणि आपण फक्त "आत्तापर्यंत एकूण किती?" एवढं विचारायचं. मग पाच सेकंदांनी विचारा नाहीतर पाच मिनिटांनी, आकडा बुडत नाही. फक्त तो काउंटर एका रजिस्टरमध्ये असेल तर ६५,५३५ नंतर परत शून्यावर येतो, मिनिटाला ६० च्या वेगाने साधारण १८ तासांत, म्हणजे बरोबर तिसऱ्या शिफ्टमध्ये, आणि सॉफ्टवेअरने हे धरलेलं नसेल तर त्या शिफ्टला उत्पादन उणे पासष्ट हजार झालेलं दिसतं.

जुन्या पीएलसी आणि सीएनसीबद्दल (कम्प्युटर प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनबद्दल) एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. बऱ्याच जुन्या कंट्रोलरमध्ये प्रोग्राम बॅटरीवर टिकून राहणाऱ्या मेमरीत असतो. बॅटरी केव्हाच संपलेली असते पण मशीनची पॉवर कधी बंदच झालेली नसते म्हणून कुणाला पत्ता नसतो, आणि आपण वायर जोडायला म्हणून मेन स्विच पाडतो, जोडून परत चालू करतो तर मशीनची स्मृती पुसलेली. म्हणून आधी बॅकअप, मग बॅटरी तपासा, बदलायची असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलंय तशीच बदला, अनेक कंट्रोलरमध्ये ती पॉवर चालू ठेवूनच बदलायची असते. बॅकअप घेता येत नसेल, सॉफ्टवेअर नाही, पासवर्ड कुणाला माहीत नाही, तर त्या पीएलसीला सोडून द्या आणि बाहेरून सेन्सर लावा, यात कमीपणा काही नाही.

सीएनसीचं थोडक्यात: नेटवर्क पोर्ट असेल तर काम सोपं, फॅनक कंट्रोलरना फोकस नावाची लायब्ररी आहे, आणि २००८ पासून एमटीकनेक्ट नावाचं सामायिक स्टँडर्डही आहे. नुसता आरएस-२३२ पोर्ट असेल, जो प्रोग्राम चढवायला वापरतात, आणि कंट्रोलरवर कस्टम मॅक्रो चालू असेल, तर प्रोग्रामच्या शेवटी डीपीआरएनटीची एक ओळ टाकून जॉब पूर्ण झाल्याचा मेसेज पोर्टमधून बाहेर पाठवता येतो. तेही नसेल तर एखादा मोकळा एम कोड (प्रोग्राममधून एखादी गोष्ट चालू-बंद करायची आज्ञा) आणि एक रिले, झालं काम.

आता हे सगळे सिग्नल जमा होतात गेटवेमध्ये, मशीनजवळ पॅनलमध्ये बसणारा एक छोटा कम्प्युटर, ज्याच्या एका बाजूला जुन्या भाषा आणि दुसऱ्या बाजूला नेटवर्क. वर पाठवायला आजकाल दोन भाषा जास्त दिसतात, ओपीसी यूए आणि एमक्यूटीटी. ओपीसी यूएमध्ये आकड्याबरोबर त्याचं नाव, एकक, तो विश्वासार्ह आहे की नाही, हे सगळं सोबत येतं, मोठ्या सिस्टिमला ते सोयीचं पडतं. एमक्यूटीटी जास्त हलकं. ते १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी बनवलं, सॅटेलाइटची लिंक महाग आणि तुटकी, म्हणून मेसेज शक्य तितका छोटा. त्यात मधे ब्रोकर नावाचा एक पोस्टमन असतो, मशीन त्याच्याकडे टाकतं, ज्याला हवं तो त्याच्याकडून घेतो, आणि काही बदललं तरच मेसेज पाठवायचा अशी पद्धत बसवता येते.

पण बदललं तरच बोलायचं म्हटलं की एक गोष्ट सोडवावी लागते: दहा मिनिटं मेसेज नाही, म्हणजे मशीन तसंच चालू आहे, की गेटवेची केबल निघाली? "बंद आहे" आणि "कळत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या काळातल्या इन्स्ट्रुमेंटवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल शून्यापासून नाही तर ४ पासून सुरू होतो. ० ते १० बारचा प्रेशर ट्रान्समीटर असेल तर ४ म्हणजे ० बार, १२ म्हणजे ५ बार, आणि करंटच शून्य झाला तर वायर तुटली, प्रेशर गेलं असं नाही. एमक्यूटीटीमध्ये यासाठीच लास्ट विल म्हणून सोय आहे, गेटवे जोडला जातानाच ब्रोकरकडे एक मेसेज ठेवून देतो की मी अचानक गायब झालो तर हे सगळ्यांना सांग. ही सोय वापरा, आणि स्क्रीनवर तिसरा रंग ठेवा, राखाडी, म्हणजे माहिती नाही. ज्या सिस्टिममध्ये नेट गेल्यावर मशीन लाल दिसतं तिच्यावरचा ऑपरेटरचा विश्वास पहिल्याच आठवड्यात उडतो आणि तो परत येत नाही.

नेट जातं हे धरूनच चालायचं. गेटवेने तेवढ्या वेळाचा डेटा स्वतःकडे साठवायचा आणि लिंक आली की वेळेसकट पाठवायचा, आणि वेळ म्हणजे घटना घडली ती वेळ, सर्व्हरला पोचली ती नाही. त्यासाठी सगळ्या गेटवेंची घड्याळं एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या पद्धतीने, एकमेकांशी जुळलेली हवीत. आणि रात्रपाळी मध्यरात्र ओलांडते, तेव्हा १२ नंतरचे नग कुठल्या तारखेचे धरायचे हे आधी ठरवा, नाहीतर वहीतला आणि सिस्टिममधला आकडा रोज वेगळा येईल आणि दोन्ही बरोबर असतील.

आता हे सगळं करून स्क्रीनवर जो एक आकडा मोठ्या अक्षरात झळकतो तो ओईई, ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस, म्हणजे मशीनच्या वेळेचा किती खरा उपयोग झाला ते. ही मोजपट्टी सेइची नाकाजिमा यांच्या टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) या पद्धतीतून आली. आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं, ३० मिनिटं सुट्टी, राहिली ४५०. त्यातली ६० मिनिटं मशीन थांबलं, चाललं ३९०, ही झाली अव्हेलेबिलिटी, ८६.७ टक्के. एका नगाला ३० सेकंद लागतात तर ३९० मिनिटांत ७८० व्हायला हवे होते, झाले ७००, हा परफॉर्मन्स, ८९.७. त्यातले चांगले ६८०, ही क्वालिटी, ९७.१. तिन्हींचा गुणाकार ७५.६ टक्के. पडताळा सोपा आहे, ६८० चांगल्या नगांना ३४० मिनिटं पुरतात, आपल्याकडे होती ४५०.

आता यात ३० सेकंदांऐवजी कुणी ३५ सेकंद भरले तर? परफॉर्मन्स १०० च्या वर जातो, ओईई ८८ टक्के दिसते आणि कारखान्यात काहीही सुधारलेलं नसतं. म्हणजे सायकल टाइम कुणी, कधी, कुठल्या टूलवर मोजला हे लिहून ठेवल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. जगभर ८५ टक्के हा आदर्श म्हणून सांगितला जातो, पण दोन वेगळ्या कारखान्यांची ओईई शेजारी ठेवण्यात मला काही हशील दिसत नाही, त्याच मशीनचा मागचा महिना आणि हा महिना बघा.

थांबलं का, हा तिसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा कुठल्याच सेन्सरकडे नसतं. मटेरियल आलं नाही, क्रेनची वाट बघतोय, इन्स्पेक्शनवाला पहिला नग पास करेना, हे मशीनला कसं कळणार, हे ऑपरेटरलाच माहीत. म्हणून मशीनजवळ कारणांची बटणं द्यायची, पाच-सहा, जास्त नाही, ४० कारणांची यादी दिली की सगळे "इतर" दाबतात. दोन-तीन मिनिटांच्या आतल्या थांब्याला विचारूच नका, ते नुसते मोजा, एकूण किती झाले ते बघूनच बरंच कळतं. आणि हात ग्लोव्हजमध्ये आणि तेलाचे आहेत हे लक्षात ठेवून बटणं मोठी द्या. मनापासून सांगतो, हा डेटा पहिल्यांदा ऑपरेटरवर डाफरायला वापरला की त्या दिवसापासून तो बिघडतो. उलट "मटेरियल नाही" हे बटण आठवड्यात इतक्या वेळा दाबलं गेलं आणि त्यावर स्टोअरने खरंच काहीतरी केलं, हे त्याला दिसलं, तर तो स्वतःहून बरोबर बटण दाबतो.

नेटवर्कची भीती बाळगलीच पाहिजे. मॉडबसमध्ये पासवर्ड नावाची गोष्टच नाही, जो लाइनवर आला तो वाचू शकतो आणि लिहूही शकतो. जुन्या मशीनच्या कम्प्युटरवर विंडोज एक्सपी असतं, ज्याचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला. २०१७ च्या वॉनाक्राय या कम्प्युटर व्हायरसने होंडाचा जपानमधला सायामा प्लांट एक दिवस बंद पाडला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये टीएसएमसी या तैवानच्या चिप कंपनीमध्ये त्याचाच एक प्रकार नवीन मशीनचं सॉफ्टवेअर चढवताना आत शिरला. म्हणून मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं, मधे फायरवॉल, गेटवेने फक्त वाचायचं आणि बाहेर पाठवायचं, बाहेरून आत यायला दार नकोच.

शेवटी तपासणी, आणि इथे घाई करू नका. एकच मशीन घ्या, शक्यतो असं की जे थांबलं की मागचं-पुढचं सगळं अडतं. तीन-चार शिफ्ट वही आणि सिस्टिम दोन्ही चालू ठेवा, पेटीतले नग हाताने मोजा. फरक आला तर सिस्टिमच बरोबर असं धरून चालू नका, मशीनजवळ उभं राहून एकेक स्ट्रोक आणि एकेक पल्स जुळवा. मुद्दाम केबल काढून बघा, गेटवेची पॉवर घालवून बघा, शिफ्ट बदलताना काय होतं ते बघा. हे पटलं की मग दुसरं मशीन. आणि पहिलं पॅनल बंद करण्याआधी दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लॅमिनेट करून चिकटवा, कुठल्या टर्मिनलवरून कुठली वायर घेतली, ती कुठल्या इनपुटला गेली, रजिस्टर नंबर काय, आणि तो सिग्नल आला म्हणजे आपण नेमकं काय समजतो, कारण पाच वर्षांनी रात्री दोन वाजता ते पॅनल उघडणारा वायरमन दुसराच कुणीतरी असेल आणि त्याच्या हातात टॉर्चशिवाय काही नसेल.